मध, घसा आणि ‘आपले पूर्वज’: एका लाडक्या दाव्याचा पंचनामा

१/
घसा धरला की मध, आले आणि तुळस. हा उपाय सांगायला महाराष्ट्रातील घरांत वैद्य लागत नाही. पण गेली काही वर्षे या साध्यासुध्या चाटणाला एक शेपूट जोडले गेले आहे. पावसाळा लागला की संदेश फिरू लागतो: आपल्या पूर्वजांनी पाच हजार वर्षांपूर्वी जे सांगितले, ते पाश्चात्त्य विज्ञानाला आज कळले! वर दाढीधारी ऋषींचे कल्पनाचित्र आणि खाली एखाद्या परदेशी विद्यापीठाचे नाव.

२/
या धाग्याचे भांडण मधाशी नाही. खोकल्यावर मधाचा उपयोग होतो. तो किती, हे पुढे येईलच. भांडण त्या शेपटाशी आहे. त्या वाक्यातला ‘आपल्या’ हा शब्द इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, ‘जे सांगितले’ हे शब्द ग्रंथांच्या कसोटीवर टिकत नाहीत आणि ‘कळले’ हा शब्द वैद्यकाच्या कसोटीवर टिकत नाही. तरीही ते वाक्य सर्वांत उत्साहाने पुढे ढकलतात ते इतिहासप्रेमी म्हणवणारेच. शिवाय त्याच वाक्याच्या बळावर तान्ह्या मुलांच्या जिभेवर मध ठेवला जातो. म्हणून ही चर्चा केवळ ग्रंथप्रामाण्याची राहत नाही.

३/
आधी ‘आपल्या’ या शब्दाकडे वळू.

इजिप्तमधील एबर्स पपायरस हा वैद्यकीय ग्रंथ इ. स. पू. १५५० च्या सुमाराचा. त्यातील कितीतरी पाठांत मध आहे. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात मध आणि व्हिनेगर यांचे ‘ऑक्सिमेल’ नावाचे मिश्रण येते. ते कफ सुटून बाहेर पडावा म्हणून द्यायचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील डायोस्कोरिडीस याने तर घसा व गलग्रंथी यांच्या विकारांत मधाच्या गुळण्या करायला आणि खोकल्यावर मध द्यायला स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. त्याच्या मते उत्तम मध अ‍ॅटिकाचा, म्हणजे अथेन्सच्या परिसराचा. कुराणाच्या सोळाव्या सूरेचे नावच ‘अन्-नह्ल’, म्हणजे मधमाशी. मधात माणसांसाठी आरोग्य आहे असे तेथे म्हटले आहे.

४/
ग्रंथांच्याही मागे जाता येते. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ बिकोर्प येथील गुहेत एक माणूस दोरांना लोंबकळत पोळ्यापर्यंत पोहोचला आहे आणि भोवती माश्या उडत आहेत, असे चित्र आहे. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात पचमढीच्या शैलाश्रयांतही मध काढणाऱ्या माणसांची चित्रे आहेत. ती काढणाऱ्यांना चरक ठाऊक नव्हता आणि अथेन्सही ठाऊक नव्हते. मध गोड असतो, चिकट असतो, टिकतो, आणि सोलवटलेल्या घशावरून उतरताना बरे वाटते. जिथे मधमाशी होती आणि माणसाला घसा होता, तिथे हा शोध लागलाच. त्याचे स्वामित्व सांगणे म्हणजे सावलीत बसण्याच्या शोधाचे स्वामित्व सांगणे होय.

५/
बरे, जगाचे राहू द्या. निदान भारतापुरते तरी ‘आपले पूर्वज’ एका सुरात बोलत होते का?

विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्षूंसाठी पाच औषधे अनुज्ञात आहेत: तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे काकवीसारखा पदार्थ. ती जवळ बाळगण्याची मुदत सात दिवसांची. आता त्याच गंगेच्या खोऱ्यात वाढलेली जैन परंपरा पाहा. तिने मद्य आणि मांस यांच्या पंक्तीला मधु बसवला आणि तिन्ही वर्ज्य केली, कारण पोळे पिळताना होणारी जीवहिंसा. बाराव्या शतकातील हेमचंद्राने ‘योगशास्त्रा’त औषध म्हणून मध खाणेही दोषास्पद ठरवले. मनुस्मृती तिसरेच बोलते: आपत्काळी वैश्यवृत्ती पत्करावी लागली तरी ब्राह्मणाने जे पदार्थ विकू नयेत, त्यांच्या यादीत मध आहे.

६/
एकाच भूमीत एकाने मध औषध म्हणून झोळीत ठेवला, दुसऱ्याने औषध म्हणूनही नाकारला आणि तिसऱ्याने त्याच्या विक्रीवर जातीचा निर्बंध घातला. हे मतभेदच खरा इतिहास आहेत. हिंसा म्हणजे काय, आजाऱ्याला कोणती सवलत द्यावी, कोणी काय विकावे, अशा प्रश्नांवर आपल्याकडे शतकानुशतके वाद झडले आणि मधाची वाटी त्या वादांच्या मध्यभागी होती. ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ या एका वाक्याने हा सारा वाद पुसून टाकला जातो. पूर्वजांचा गौरव करण्याच्या भरात त्यांचे विचार करणेच आपण नाकारतो, हे लक्षात येते का?

७/
आता ‘जे सांगितले’ याकडे. काय सांगितले होते?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मधाचे चार प्रकार आहेत: माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पैत्तिक. सुश्रुतसंहिता आठ सांगते. माशी कोणती यावर मधाचा गुण ठरतो, ही या वर्गीकरणामागची भूमिका. पुढे सुश्रुत नवा मध आणि जुना मध यांतही भेद करतो. नवा मध शरीराचे पोषण करणारा, पण कफाचे फारसे हरण न करणारा. मेद व स्थूलता कमी करणारा, लेखन करणारा तो जुना मध.

८/
हे पुन्हा वाचा. कफाने भरलेल्या घशासाठी आपण दुकानातून ‘ताजा, शुद्ध’ मध आणतो, आणि ज्या ग्रंथाचा हवाला देतो तो ग्रंथ ताज्या मधाविषयी म्हणतो की हा कफ फारसा हटवत नाही!

९/
याहून मोठी गंमत उष्णतेची. आजचा सर्वांत लोकप्रिय ‘आयुर्वेदिक’ उपाय कोणता? गरम पाण्यात लिंबू आणि मध. आणि चरक व सुश्रुत या दोघांनीही सर्वाधिक कडक शब्दांत निषेध केला आहे तो कशाचा? उष्ण केलेल्या, उष्ण पदार्थात मिसळलेल्या आणि उष्णतेने पीडित माणसाला दिलेल्या मधाचा. त्यांनी कारणही दिले आहे: माश्या नाना प्रकारच्या फुलांवर बसतात, त्यांत विषारी फुलेही असतात, म्हणून मधाचे उष्णतेशी वैर. वमन आणि निरूहबस्ती या प्रसंगी मात्र गरम मध चालतो, कारण तेव्हा तो पचण्यापूर्वीच शरीराबाहेर पडतो. म्हणजे नियम आहे, त्यामागे तर्क आहे आणि त्या तर्काला धरून अपवादही आहे.

१०/
विषारी फुलांचा मध ही निव्वळ कल्पना नव्हे. इ. स. पू. ४०१ मध्ये पर्शियातून परतणारे ग्रीक सैन्य काळ्या समुद्राकाठी ट्रॅपेझस, म्हणजे आजचे त्राब्झोन, या शहराच्या परिसरात पोहोचले. तेथील पोळ्यांतला मध खाऊन सैनिक वेड्यासारखे वागू लागले, ओकू लागले, त्यांना उभे राहवेना. एक-दोन दिवसांनी ते सावरले. हे सेनानी झेनोफनने स्वतः लिहून ठेवले आहे. ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांतील ग्रेयानोटॉक्सिन हे त्याचे कारण आज ज्ञात आहे. तेव्हा संहिताकारांचे निरीक्षण पोकळ नव्हते. त्यावरून त्यांनी काढलेला उष्णतेचा नियम मात्र आजचे वैद्यक मानत नाही. कोमट पाण्यात मध घेतल्याने विषबाधा होते असे ते समजत नाही.

११/
मग घ्या ना गरम पाण्यातून, कोणी अडवले? पण घेताना ‘चरकाने सांगितले म्हणून’ असे म्हणू नका. चरकाने नेमके उलट सांगितले आहे. ग्रंथ पाळायचा तर नियमासह पाळा. नियम सोडायचा तर ग्रंथाचा शिक्काही खाली ठेवा. शिक्का आपल्याकडे आणि नियम कचऱ्याच्या टोपलीत, ही सोय इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.

१२/
मात्रेचेही तसेच. मध थोडाच घ्यावा, कारण तो जड आहे. आणि मधाच्या अजीर्णाइतके दुश्चिकित्स्य दुसरे काही नाही, असे चरक बजावतो. मध आणि तूप समप्रमाणात विरुद्ध मानले आहेत. आपले संदेश मात्र चमचे मोजत नाहीत.

१३/
आता एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. ग्रंथांत मध दिसला म्हणजे मधच औषध होता, असे नाही.

सितोपलादी चूर्ण घ्या. मराठी घरांत आजही खोकल्यावर ते मधातून चाटवतात. घटक पाच: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. चरकसंहितेत हा पाठ राजयक्ष्म्याच्या अध्यायात येतो आणि मध व तूप यांच्यासह चाटायला सांगितला आहे. येथे काम करायचे ते पिंपळीने आणि तिच्या सोबत्यांनी. मध त्यांना वाहून नेणारा. ‘योगवाही’ ही संज्ञा मधाला याच अर्थाने लावली गेली. पालखी आणि पालखीत बसलेला यांत फरक असतो.

१४/
युरोपात तर मधाची निवड फारशी नव्हतीच. मध्ययुगाच्या उत्तरार्धापर्यंत तेथे ऊसाची साखर ही अपूर्वाईची वस्तू होती; कडू औषध घशाखाली उतरवायचे तर मधाशिवाय दुसरे होते काय? आपल्याकडे ऊस, गूळ, फाणित, खंड, शर्करा ही सारी मालिका हाताशी असताना वैद्यांनी काही ठिकाणी मध आणि काही ठिकाणी साखर निवडली. ती निवड कशावरून केली, हा खरा अभ्यासाचा विषय आहे. त्यावर एखादा धागा कोणी लिहिला तर मी आनंदाने वाचीन.

१५/
दुसरा प्रश्न: आज बाटलीतून येतो तो मध कोणाचा?

माक्षिक, भ्रामर ही नावे ठेवणाऱ्यांना भारतातील माश्या ठाऊक होत्या. कड्यांवर आणि उंच झाडांवर मोठे उघडे पोळे लावणारी आग्या, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी, झुडपात छोटे पोळे करणारी फुलोरी. आज बाजारात येणाऱ्या मधाचा मोठा हिस्सा मात्र पेट्यांत पाळलेल्या युरोपीय ‘एपिस मेलिफेरा’ माशीचा असतो. ही माशी भारतात यशस्वीपणे रुजली ती १९६२ नंतर, तेव्हाच्या पंजाबातील आणि आजच्या हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे, पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयत्नांतून. आपल्या ‘पाच हजार वर्षांच्या’ मधाची माशी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आली आहे. त्यात वाईट काहीच नाही. पण माशीच्या जातीवरून गुण ठरवणाऱ्या ग्रंथाचे प्रमाणपत्र या मधाला जसेच्या तसे लावता येणार नाही.

१६/
आणि तो मध तरी असतो का? डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने १३ नाममुद्रांच्या मधाची तपासणी जाहीर केली. जर्मनीतील प्रयोगशाळेत केलेल्या एनएमआर चाचणीत त्यांपैकी १० अनुत्तीर्ण ठरल्या. साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचा निष्कर्ष संस्थेने काढला. कंपन्यांनी तो अमान्य केला. वादाचा निकाल काहीही लागो, ‘वर धान्याचे चित्र आहे म्हणजे आत धान्य आहे’ इतका भाबडेपणा ग्राहकाला परवडणारा नाही.

१७/
थोडे विषयांतर करतो, पण ते आवश्यक आहे. आजीबाईच्या बटव्यातला मध बटव्यात आला कसा? आजी काही कड्यावर चढत नव्हती. रात्रीच्या अंधारात, धूर करून, दोराला लटकून आग्या मोहोळ काढणारा माणूस रानात राहणारा होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलातला मध आणि मेण ‘वनोपज’ ठरवून सरकारी नियंत्रणाखाली आणले. गौण वनोपजावरचा वननिवासींचा मालकी हक्क कायद्याने मान्य व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. त्याच्या यादीत मध आणि मेण नावानिशी आहेत. ‘पूर्वजांचे ज्ञान’ म्हणून मिरवताना चित्र ऋषींचे लावतात. कोणत्या फुलोऱ्यात कोणते मोहोळ काढावे हे ज्याला ठाऊक होते, त्याचे चित्र कोणी लावत नाही.

१८/
तिसरा शब्द: ‘कळले’. विज्ञानाला नेमके काय कळले?

२००७ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १०५ मुलांवर एक प्रयोग झाला. वय २ ते १८, विकार सर्दी-पडशाचा खोकला. झोपण्याच्या अर्धा तास आधी एका गटाला मध, दुसऱ्याला मधाच्या चवीचे खोकल्याचे औषध, तिसऱ्याला काहीच नाही. काहीच न दिलेल्यांपेक्षा मध घेतलेल्यांचा खोकला आणि झोप पालकांच्या मते अधिक सुधारली. मध आणि खोकल्याचे औषध यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. २०१२ मध्ये इस्राएलमध्ये १ ते ५ वर्षांच्या ३०० मुलांवर प्रयोग झाला. तेथे तुलनेसाठी मधासारख्याच दिसणाऱ्या खजुराच्या पाकाची योजना होती. मध सरस ठरला, पण पाक घेतलेली मुलेही सुधारली. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील संसर्गात नेहमीच्या उपचारांपेक्षा मध लक्षणे अधिक कमी करतो, विशेषतः खोकला, असे मत मांडले.

१९/
हा झाला ‘विज्ञानाने सिद्ध केले’ या तीन शब्दांमागचा ऐवज. तो चांगला आहे. पण तो प्रामुख्याने खोकल्याविषयी आहे, काही रात्रींपुरता आहे, आणि तो आजार मुळातच आपोआप बरा होणारा आहे. मधाने घशातला संसर्ग नाहीसा होतो असे यातून निघत नाही.

२०/
‘पण मध जंतुनाशक आहे ना?’ आहे. त्यात सुमारे ८० टक्के साखर असते, पाणी फार कमी, आम्लता बरीच; शिवाय माशीच्या लाळेतील एका विकरामुळे, मधात थोडे पाणी मिसळले की, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. म्हणून जखमेवर लावलेला मध काम करतो. इजिप्तचे वैद्य तो जखमेवर बांधत असत. पण घशात गेलेला चमचाभर मध लाळेत विरघळतो आणि क्षणात पोटात जातो. जखमेवरचा लेप आणि घशातली घसरगुंडी, दोन्हींना एकच न्याय कसा लावणार?

२१/
आणि ‘घसा’ म्हणजे तरी कोणता?

सुश्रुताने मुखरोग ६५ मोजले आहेत. त्यांपैकी कंठाचे १७. यांत ‘रोहिणी’ नावाचा विकार आहे. मांसाचे अंकुर घशाचा मार्ग रोधतात आणि प्राण घेतात, असे त्याचे वर्णन. पुष्कळ अभ्यासक तो आजचा घटसर्प मानतात. सुश्रुताने त्यावर काय सांगितले? साध्य असलेल्या रोहिणीत रक्तमोक्षण, वमन, धूमपान, गंडूष, नस्य. पाचांपैकी पित्तज रोहिणीत पतंग, साखर आणि मध यांचे प्रतिसारण, म्हणजे घशात घासणे. त्रिदोषज रोहिणी? असाध्य. गलशुंडिका वाढली तर शस्त्राने छेद.

२२/
पाहा, हा माणूस घशाला एकच घसा समजत नव्हता. कोणत्या विकारात मध, कोणत्यात शस्त्र आणि कोणत्यात हात टेकायचे, याची त्याने वेगवेगळी मांडणी केली. त्याला ‘घसा दुखतोय? मध घ्या’ या दोन वाक्यांत कोंबणारा त्याचा वारस कसा म्हणवतो?

२३/
‘इतकी शतके टिकले, म्हणजे खरेच असणार’ हा युक्तिवाद तर फारच घातक. रक्तमोक्षण दोन हजारांहून अधिक वर्षे टिकले, ग्रीसपासून अमेरिकेपर्यंत.

१४ डिसेंबर १७९९. जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष, घसा सुजून अंथरुणाला खिळला होता. सकाळी त्याला काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे मिश्रण दिले. हिप्पोक्रेटिसच्या ऑक्सिमेलचेच हे दूरचे भावंड. ते गिळता येईना, उलट जीव गुदमरू लागला. मग दिवसभरात त्याचे दोन लीटरांहून अधिक रक्त काढले. त्याच रात्री तो गेला. श्वासनलिकेच्या झाकणाची तीव्र सूज, हे आज सर्वाधिक मान्य असलेले निदान. शतकानुशतके टिकलेले दोन्ही उपाय त्या एका खोलीत एकाच दिवशी हरले.

२४/
घटसर्पाला उतार पडला तो प्रतिविषाने. त्या कामासाठी एमिल फॉन बेरिंगला १९०१ चे, म्हणजे वैद्यकाचे पहिलेच, नोबेल मिळाले. त्यानंतर लस आली. आपल्याकडे आज अधिक दक्षता हवी ती स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या घसादुखीविषयी. ताप, गिळताना तीव्र वेदना, मानेतल्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, आणि बहुधा खोकला नाहीच. विशेषतः शाळकरी मुलांत अशा घसादुखीवर वेळीच प्रतिजैविक मिळाले नाही, तर काही जणांना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. भारतात हा हृदयविकार आजही संपलेला नाही. मधाने घसा शांत झाला म्हणून डॉक्टरकडे जायचे लांबणीवर पडले, तर त्या मुलाचे नुकसान पाच हजार वर्षांचा अभिमान भरून देत नाही.

२५/
आणि आता सर्वांत गंभीर भाग. तान्ही बाळे.

येथे ग्रंथ माझ्या बाजूने नाहीत, हे आधीच सांगतो. जातकर्म संस्कारात नवजात बाळाला सोन्यासह मध आणि तूप चाटवावे, असे गृह्यसूत्रे सांगतात, मनुस्मृती सांगते. चरक आणि सुश्रुतही जन्मानंतर लगेच मध-तूप द्यायला सांगतात. महाराष्ट्रातील कित्येक घरांत बाळाला मध चाटवण्याची प्रथा आजही आहे. बाळगुटी मधात उगाळणारी घरेही आहेत. म्हणजे ही परंपरा खरी आहे, जुनी आहे, ग्रंथोक्त आहे. आणि ती थांबवायला हवी.

२६/
१९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अर्भकांतील बॉट्युलिझम हा स्वतंत्र आजार म्हणून ओळखला. मातीत आणि धुळीत असणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूची बीजुके मधातही असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यातील जंतुसृष्टी त्यांना रुजू देत नाही. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ती रुजू शकतात आणि विष तयार करतात. बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, दूध ओढता न येणे, अंग लुळे पडणे, आणि मग श्वास. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर बाळाला यंत्राच्या श्वासावर ठेवावे लागू शकते. घरी मध उकळून ही बीजुके मरत नाहीत. शुद्ध, रानटी, सेंद्रिय, स्वतःच्या शेतातला, कोणताही मध असो, पहिला वाढदिवस होईपर्यंत बाळाला द्यायचा नाही. घशासाठी नाही, गुटीत नाही, चोखणीला लावूनही नाही.

२७/
यावर ठरलेला प्रतिसाद येतो: ‘आम्हालाही चाटवला होता, आम्हाला काय झाले?’ इतिहास शिकणाऱ्याने तरी हा प्रश्न विचारू नये. ज्यांना काही झाले ते उत्तर द्यायला उरले नाहीत. साधनांतला हा पक्षपात आपण पहिल्या वर्षी शिकतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश भारतात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे दोनशे बालके पहिल्या वर्षातच दगावत होती. त्यांतली किती कशाने गेली, हे कोणी तपासले होते? ‘बाळ मऊ पडले आणि गेले’ एवढेच घराघरांत सांगितले जाई. जो आजार १९७६ पर्यंत ओळखलाच गेला नव्हता, त्याने कोणी मेले नाही असे कोणत्या पुराव्यावर म्हणायचे? संहिताकारांना बीजुके दिसणे शक्य नव्हते. त्यांच्यावर दोष नाही. दिसत असूनही डोळे मिटणाऱ्या आपल्यावर आहे.

२८/
आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या. बाळ दहा दिवस जगले. त्याचा मधाशी संबंध जोडण्याचा कोणताही आधार नाही आणि मी तो जोडत नाही. पुढे १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. विद्यार्थिनी अमेरिकन वैद्यकाची, आणि प्रबंधासाठी त्यांनी प्राचीन भारतीय ग्रंथही उघडले आणि त्या काळची अमेरिकन पाठ्यपुस्तकेही. त्या प्रबंधाचे नाव ‘पाहा, आम्हाला सगळे आधीच ठाऊक होते’ म्हणून घेणारे पुष्कळ भेटतात. ग्रंथ हाताशी असताना ही बाई फिलाडेल्फियाला कशासाठी गेली, हे मात्र ते विचारत नाहीत.

२९/
‘मग जातकर्मात करायचे काय?’ असे प्रतिसादांत येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. मंत्र म्हणा, नाव ठेवा, सोने हवे तर पाळण्यापाशी ठेवा. त्याने बाळाला काही होत नाही. वाटीतला मध तेवढा बाजूला सारा आणि बाळाला पहिल्या तासातच आईच्या अंगावर घ्या. पहिला घोट चिकाचा असू द्या.